शपथेशिवाय घेतलेला जबाब

दिनांक ४ मार्च

चिरंजीवास,

मी, खाली सही करणार, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, सेवानिवृत्त, पूर्वी दिवाणी न्यायालयात पट्टेवाला, लिहून देतो की, माझे नाव तुला ठाऊक आहे. ते तुझ्या नावाच्या मधोमध असते. हल्ली तू ते एका अक्षरावर आणून पुढे टिंब दिले आहेस. वसाहतीत मला सगळे पुकारे म्हणतात, कारण न्यायालयाच्या दारात उभे राहून पक्षकारांचा पुकारा करणे हे माझे काम होते आणि माझा आवाज वरच्या मजल्यावरून रस्त्यापलीकडच्या चहावाल्यापर्यंत पोहोचत असे. माझ्या पुकाऱ्याला ओ दिली नाही असा साक्षीदार विरळा.

तू घर सोडलेस त्यास सात वर्षे झाली. जाताना उंबऱ्यावर म्हणालास, "बाबा, तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांची नावं ओरडलीत, बस्स." त्याची तक्रार मी येथे करणार नाही. आजची तक्रार वेगळी आहे.

गेल्या वर्षी तुझ्या संस्थेने आपल्या वसाहतीतील साठीपुढच्या माणसांची पाहणी सुरू केली. समाजमाध्यमांचा मनावर काय परिणाम होतो, हे तुला मोजायचे होते. तू स्वतः आला नाहीस. तुझ्या मदतनीस बाई आल्या. त्यांनी प्रश्नावल्या वाटल्या आणि आमच्या फोनमध्ये मोजणीचे एक अ‍ॅप घालून दिले. कोणते अ‍ॅप दिवसातून किती वेळा उघडले एवढेच ते मोजते, आत काय पाहिले ते त्याला कळत नाही, असे त्यांनी दोनदा सांगितले. कागदावर नाव नाही, फक्त क्रमांक. "आजोबा, अगदी मोकळेपणाने लिहा. कुणाचं कोणतं, ते कुणालाच कळणार नाही," असेही म्हणाल्या. मी विचारले, "शपथ कोण देणार?" त्या हसल्या. शपथ नाही, उलटतपासणी नाही, आणि त्यास जबाब म्हणायचे. तरीही मी टाकाने, एकही खाडाखोड न करता, सर्व प्रश्न सोडवले. अकरावा प्रश्न असा होता: गेल्या दोन आठवड्यांत आपणांस एकटे वाटले काय? पुढे पाच चौकटी. कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बहुधा, नेहमी. मी 'कधीच नाही' या चौकटीत खूण केली.

काल मी पायजम्याची नाडीपट्टी बदलून घेण्यास शिंपीभाऊंच्या दुकानात गेलो होतो. समोरच्या इमारतीतल्या सिस्टरबाईही तेथे उशांचे अभ्रे घेऊन बसल्या होत्या. निवृत्त झाल्या तरी त्या अजून सर्वांना रुग्ण समजूनच बोलतात. शिंपीभाऊ म्हणाले, "पुकारे, या या! पोरगा आलाय तुमचा फोनवर. भाषण ठोकतोय. कोट बघा कसा बसलाय. खांद्यात जरा ढगळ आहे, पण बसलाय."

आम्ही तिघांनी ते भाषण पाहिले. तू मंचावर फिरत फिरत बोलत होतास. बोललास ते असे: "आमच्या पाहणीत एक आजोबा आहेत. अक्षर इतकं वळणदार की आमचा फॉर्म मानपत्र वाटायला लागतो. मी विचारलं, एकटं वाटतं का? तर..." येथे तू छाती पुढे काढलीस, हात तोंडाशी नेलास आणि माझा आवाज काढलास. "एकटेपणाऽऽ, हाजिर हो! आणि आजोबा म्हणतात, गैरहजर!" सभागृह हसले. मग तू म्हणालास, "हेच आजोबा दिवसातून चाळीस-पन्नास वेळा एकच अ‍ॅप उघडतात. आता सांगा, खरं कोण बोलतंय? फॉर्म की फोन?" सभागृह पुन्हा हसले.

सिस्टरबाई पहिल्यांदा हसल्या, मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. शिंपीभाऊंची कात्री कापडात अर्धवट थांबली. मी नाडीपट्टीचे पैसे ठेवले आणि पायजमा न घेताच बाहेर पडलो.

सबब तुला कळवण्यात येते की, ज्या मंचावरून तू बापाची नक्कल केलीस त्याच मंचावरून तू क्षमा मागावीस. न मागितल्यास पुढे जे घडेल त्याची जबाबदारी तुझी राहील.

पुकारे


दिनांक २१ मार्च

चिरंजीवास,

तुझे उत्तर फोनवर मिळाले. वहीच्या पानावर उतरवून घेतले तेव्हा साडेतीन ओळी भरल्या. "बाबा, तुमचं नाव कुठे घेतलं? लोक तुम्हाला नाही, त्या विसंगतीला हसले. इतकं मनाला लावून घेऊ नका. तब्येत सांभाळा."

विसंगती. छान शब्द आहे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्याला आमच्या इयत्तेत हा शब्द नव्हता.

तू नाव घेतले नाहीस हे खरे आहे. मंचावर तू माझा आवाज हजर केलास आणि मला खालीच ठेवलेस. वसाहतीत आता लहान मुले मला पाहून तोंडाशी हात नेतात. काल दूधवाल्याने विचारले, "काय पुकारे, आज एकटेपणा हजर का?" दूध आजपासून दुसऱ्याकडून घेतो.

तुझ्या मदतनीस बाई येऊन गेल्या. जूनमध्ये दुसरी फेरी आहे, असे म्हणाल्या. खाली मान घालून त्यांनी विचारले, "आजोबा, तुम्हाला यातून बाहेर पडायचं असेल तर..." मी म्हटले, "बाई, मी कधी तारीख चुकवली नाही. मी हजर राहीन आणि बाकीच्यांनाही हजर ठेवीन." त्यांना बरे वाटले. त्या भल्या घरच्या आहेत. तुझ्याकडे नोकरी करतात यात त्यांचा काय दोष?

तेव्हा निश्चिंत असावे. संध्याकाळी बागेतल्या बाकांवर बसणारे आम्ही सर्वजण तुझ्या शास्त्राला मनोभावे सहकार्य करणार आहोत.

एक जुनी गोष्ट सहज आठवली म्हणून लिहितो. न्यायालयाच्या जिन्याखाली वकील लोक साक्षीदारांना पढवीत. दारात उभा राहून मला पढवलेला साक्षीदार लांबून ओळखू येई. खरा साक्षीदार अडखळतो, थुंकी गिळतो, "तसं नक्की सांगता यायचं नाही" म्हणतो. पढवलेला मात्र पाण्यासारखा वाहतो. न्यायाधीशसाहेबांना ते ओळखू येत असे, कारण ते साक्षीदाराकडे पाहत. कागदाकडे मान घालून बसणाऱ्याला ते कधीच ओळखू यायचे नाही.

पुकारे


दिनांक १७ जून

चिरंजीवास,

दुसरी फेरी यथासांग पार पडली. वाचनालयाच्या सभागृहात बाईंनी टेबले मांडली होती. आमची माणसे वेळेआधी आली. शिंपीभाऊ तर दाढी करून आले होते.

तू तेथे असतास तर तुझे मन भरून आले असते. बाई चष्मा विसरलेल्यांना प्रश्न वाचून दाखवीत होत्या. त्यांनी शिंपीभाऊंना विचारले, "झोप कशी लागते?"

शिंपीभाऊ म्हणाले, "गाढ."

"फोन बाजूला ठेवल्यावर बेचैन वाटतं?"

"कधीच नाही."

"दुसऱ्यांचे फोटो बघून आपल्या आयुष्यात काही कमी आहे असं वाटतं?"

"कधीच नाही."

"काका, मी प्रश्न अजून पूर्ण केला नाही."

"करा ना. उत्तर तयार आहे."

त्यांचे डोळे लाल होते आणि खिशात फोन वाजत होता. बाईंनी त्यांच्याकडे पाहिले, क्षणभर पेन थांबवले, मग खूण केली. शेवटी त्या मला म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या वसाहतीतली माणसं किती समाधानी आहेत हो! मागच्या वेळी असं नव्हतं." मी म्हटले, "हवा बदलली आहे."

सिस्टरबाई दारात मला हळूच म्हणाल्या, "पुकारे, नाडी बघितल्याशिवाय सगळ्यांचा ताप नॉर्मल लिहिल्यासारखं वाटलं मला." मी त्यांना म्हटले, "घरी जा आणि विश्रांती घ्या."

तू आता बेरजा करशील, आलेख काढशील. ते सर्व झाले की मला कळव. मी वाट पाहत आहे. हे वाक्य मी प्रश्नावलीत लिहिले नव्हते, येथे लिहितो.

पुकारे


दिनांक ९ डिसेंबर

माननीय प्राध्यापकसाहेबांस,

सप्रेम अभिनंदन. आपणांस विभागप्रमुख केल्याची बातमी वर्तमानपत्रात वाचली. छायाचित्रात कोट खांद्यात नीट बसला आहे. शिंपीभाऊंनीही मान्य केले.

आपला शोधही वाचला. चौथी उत्तीर्ण माणसाला समजला तेवढा असा: फोनचा वापर वाढत गेला तसतशी आमची माणसे 'कधीच नाही' अधिक जोराने म्हणू लागली. म्हणून माणूस जितका बुडतो तितका तो बुडाल्याचे नाकारतो. म्हणून स्वतःविषयी स्वतः दिलेल्या जबाबावर विसंबू नये. आपल्या आधी हे कोणी इतक्या स्वच्छ आकड्यांत दाखवले नव्हते म्हणे.

आकडे स्वच्छ असणारच. घासून पुसून दिले होते.

परवा बागेत माझा सत्कार करण्याचे घाटत होते. वसाहतीचे नाव झाले म्हणून. मी नकार दिला. शिंपीभाऊ बाकावर पाय वर घेऊन बसले होते. ते मोठ्याने म्हणाले, "पुकारे, तुम्ही खणायला गेलात विहीर आणि पोराला त्यातच पाणी लागलं की!" सारे हसले. सिस्टरबाई म्हणाल्या, "आता तरी सोडा." शिंपीभाऊ म्हणाले, "हे सोडणार? पडले तरी नाक वर. नाकानेच चालतात ते."

मी उठून घरी आलो. जिना चढताना मधल्या टप्प्यावर बसावे लागले. हे तब्येतीविषयी कळवले, कारण तब्येत सांभाळा असा आपला हुकूम होता.

मला तुझे नुकसान करायचे होते आणि मी तुला खुर्चीवर बसवले. माझ्या हातून इतके नीट काम आजवर झाले नव्हते. पण न्यायालयात निकालावर अपील असते, हे तू विसरलास. तू लहानपणी माझा डबा घेऊन यायचास तेव्हा त्याच पायऱ्यांवर बसून ते पाहिले आहेस. हरलेला पक्षकार घाम पुसतो, पाणी पितो आणि पुन्हा अर्ज लिहायला बसतो.

पुकारे


दिनांक २ जानेवारी

चिरंजीवास,

मी, खाली सही करणार, वय आता एकोणऐंशी, बाकी तपशील पूर्वीप्रमाणे, कोणाच्याही दबावाशिवाय आणि या वेळी शपथेवर लिहून देतो की,

तुझ्या पाहणीची दुसरी फेरी खोटी आहे. साक्षीदार मी पढवले.

एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत मी रोज संध्याकाळी बागेत एकेका बाकावर जाऊन बसलो. मी लोकांना सांगितले, "त्याने माझे हसे केले, उद्या तुमचे करील. सगळ्यांनी सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर द्यायचे. कधीच नाही. म्हणजे त्याचे यंत्र ठप्प होईल." कोणी म्हणाले, "पण मला वाटतं ना तसं अधूनमधून." मी म्हटले, "वाटू द्या, लिहू नका." शिंपीभाऊ म्हणाले, "अहो, पहिल्या वेळी मी खरं लिहिलं होतं. मशीन थांबलं की हात रिकामा राहतो, मग फोन घेतो. ही गेल्यापासून. ते लिहिल्यावर जरा बरं वाटलं होतं, आता ते खोडायला लावता?" मी त्यांना म्हटले, "मैत्री आहे की नाही?" त्यांनी मैत्री राखली. ज्या जिन्याखालच्या वकिलांकडे मी उभी हयात तुच्छतेने पाहिले त्यांच्यापेक्षा माझी माणसे अधिक सराईत निघाली.

एवढे लिहून मी कागद सिस्टरबाई आणि शिंपीभाऊ यांच्यापुढे साक्षीच्या सहीसाठी ठेवला. आज दुपारी, माझ्या घरी. सिस्टरबाईंनी चष्मा लावून वाचला आणि खाली ठेवला.

"हे अर्धं आहे," त्या म्हणाल्या.

"अर्धे कसे?"

"आमचं खोटं लिहिलंत. तुमचं कुठाय? पहिल्या फेरीतलं, अकरावं. ते तर कुणी पढवलं नव्हतं."

मी म्हटले, "त्याचा येथे संबंध नाही."

शिंपीभाऊ म्हणाले, "मग आमचीही सही नाही. वकीलसाहेबांनी साक्षीदार फोडायचे आणि स्वतः कोरडे राहायचे, होय?"

तुझ्या शोधाला सुरुंग लावायचा तर वात मला माझ्याच घरात पेटवावी लागणार, हे मला तेव्हा दिसले. मी पाणी प्यालो. नंतर पुढील मजकूर लिहिला.

प्रश्न अकरावा. उत्तर: नेहमी.

प्रश्न, जो तुझ्या कागदावर नव्हता आणि जो तू मंचावर लोकांना विचारलास: हे आजोबा एकच अ‍ॅप दिवसातून चाळीस-पन्नास वेळा का उघडतात? उत्तर खालीलप्रमाणे.

दोन वर्षांपूर्वी सिस्टरबाईंनी मला त्या फोटोंच्या अ‍ॅपवर खाते काढून दिले. तुझे पान शोधून दिले. त्यावर कुलूप होते. त्यांनी एक बटण दाबले आणि पडद्यावर अक्षरे आली की विनंती पाठवली आहे. मी विचारले, "आता?" त्या म्हणाल्या, "आता तो हो म्हणेपर्यंत प्रलंबित."

प्रलंबित हा शब्द मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. अर्ज प्रलंबित असतो तेव्हा त्याचा कधीतरी पुकारा होतो. पुकारा होईल त्या वेळी अर्जदार हजर नसेल तर अर्ज काढून टाकतात. मी स्वतः दारातून तीनदा नाव घेऊन आत वळून सांगत असे, "अर्जदार गैरहजर, साहेब." जेवायला गेलेले, लघवीला गेलेले, बस चुकलेले, अशा कितीकांचे अर्ज माझ्या त्या तीन शब्दांनी गेले. तुझ्या दप्तरात पुकारा केव्हा होतो हे मला कोणी सांगितले नव्हते. म्हणून मी हजर राहत होतो. दाढी करताना, दूध तापवताना, बागेत जाताना आणि येताना. आत काय पाहत होतो ते तुझ्या यंत्राला कळत नाही. मी तुझे कुलूप पाहत होतो.

मी हे वाचून दाखवले तेव्हा शिंपीभाऊ खिडकीबाहेर पाहू लागले. सिस्टरबाई म्हणाल्या, "अहो पुकारे, असं काही नसतं तिथे. कुणी पुकारा करत नाही. तुम्ही बघा, नका बघू, ते तसंच पडून राहतं."

"किती दिवस?"

"जन्मभर."

"आणि मी हजर आहे हे त्याला कळत नाही?"

"नाही हो. काही कळत नाही."

तेव्हा तू मंचावर ज्या आकड्यावर लोकांना हसवलेस तो आकडा तूच तयार केला होतास, दार न उघडून. फॉर्म खोटे बोलत होता हे खरे. फोन खरे बोलत होता हेही खरे. फक्त तो काय बोलत होता ते ऐकायला तू दोन पावले पुढे यायला हवे होतेस, आणि तू तर मंचावर होतास.

आता आदेश.

हा जबाब मी तुझ्या संस्थेला पाठवणार नाही. वर्तमानपत्रालाही नाही. माझ्या दुसऱ्या प्रतीला सिस्टरबाईंच्या कपाटात जागा आहे, ती तेथे राहील. माझ्या हाताने तू खुर्चीवरून उतरलास तर तू मला शिव्या देऊन मोकळा होशील, आणि मला तुला मोकळे करायचे नाही. सोबत तुझ्याच प्रश्नावलीचा एक कोरा कागद जोडला आहे. त्यावर मी फक्त एक प्रश्न माझ्या अक्षरात लिहिला आहे: माझा शोध खरा आहे असे मला वाटते. पुढे पाच चौकटी. कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बहुधा, नेहमी. मोकळेपणाने लिही. कागदावर नाव नाही. कुणाचे कोणते, ते कुणालाच कळणार नाही. खरे लिहिलेस तर खुर्ची सोडावी लागेल. खोटे लिहिलेस तर तुझा सिद्धांत खरा ठरेल, आणि त्याचा पहिला पुरावा तू असशील. जेव्हा जेव्हा एखाद्या म्हाताऱ्यापुढे तू प्रश्नावली सरकवशील, तेव्हा हा कागद तुझ्या खिशात असेल.

दुसरे. आज दुपारी सिस्टरबाईंकडून ती विनंती मी रद्द करून घेतली. त्यांनी दोनदा विचारले, "नक्की?" मी हो म्हटले. अर्जदाराने अर्ज मागे घेतला आहे. तुझे मोजणीचे अ‍ॅप मात्र मी काढलेले नाही. ते उद्यापासून शून्य दाखवील. आजोबा सुधारले, अशी तू नोंद करशील. आता कारण तुला ठाऊक आहे आणि ते कोणत्याही चौकटीत बसणार नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचून दाखवला, तो बरोबर आहे. शिंपीभाऊ आणि सिस्टरबाई यांनी सही करण्यापूर्वी आपापला एक कोरा कागद मागितला आणि सर्व उत्तरे नव्याने लिहिली. ती मी पाहिली नाहीत. पाकिटात बंद आहेत, त्यांना तू हसू नकोस.

समक्ष हजर:
शिंपीभाऊ, सही केली.
सिस्टरबाई, सही केली. तारीखही घातली.

सही करण्यापूर्वी मी रिवाजाप्रमाणे दार उघडले आणि जिन्यात उभा राहून तुझे नाव घेतले. पूर्ण घेतले, मधले अक्षर न तोडता. तीन वेळा. आवाज पूर्वीसारखा राहिलेला नाही, तरी खालच्या मजल्यावरचे दार उघडले.

प्रतिवादी गैरहजर.

पुकारे